पणजीचा माग: घंगाळावरच्या नावापासून फेरफारापर्यंत

पणजोबांचं नाव बहुतेकांना सांगता येतं. ते उताऱ्यावर असतं, श्राद्धाला घेतलं जातं. पणजीचं नाव विचारलं की घर गप्प होतं. "आम्ही तिला मोठी आई म्हणायचो" किंवा "थोरली म्हणायचे सगळे" एवढंच उत्तर मिळतं. बाई नवऱ्याचं नाव घेत नसे आणि तिचं स्वतःचं नावही चारचौघांत उच्चारलं जात नसे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली, कारण नोंदणीत त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच ओळख दिली होती. त्यातल्या बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या, पण रीत आपल्याकडचीही तीच.

म्हणून नव्यानं शोध सुरू करणाऱ्यांना मी सांगते, सगळी वंशावळ एकदम काढायला बसू नका. एकच माणूस धरा, आणि जमलं तर ती पणजी असू द्या. तिचा माग लागला की पणजोबांचा आपोआप लागतो. उलटं घडत नाही. आमच्या सातारकडच्या गावातल्या पणजीचा माग मी असाच काढला, त्यातून शिकलेलं इथं देते. घरातल्या बायकांची नावं मात्र लिहीत नाही, ती माझ्या एकटीची नाहीत.

पहिली पायरी: माळा, फडताळ आणि घरातली वडीलधारी

कचेरीत नंतर जा, आधी माळ्यावर चढा. तांब्या-पितळेची जुनी भांडी खाली काढा, चिंच लावून घासा आणि तिरप्या उजेडात काठ बघा. पूर्वी भांड्यावर नाव घालताना छिन्नीचे बारीक ठोके मारत, अक्षरं ठिपक्याठिपक्यांची दिसतात. आमच्या घंगाळाच्या काठाखाली 'चि. सौ. कां.' आणि पुढं एक नाव होतं, जे घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यापुढं मामाचं नाव, 'यांजकडून', आणि गावाचं नाव. लग्नात दिलेलं भांडं. लग्नानंतर बाईचं नाव बदलत, म्हणून घरच्यांना ठाऊक होतं ते सासरचं. भांड्यावर होतं माहेरचं. मामाचं गाव कळलं की माहेरच्या गावाच्या जवळ पोचलोच, कारण सोयरीक सहसा बैलगाडीच्या टप्प्यातली असायची.

भांड्यांनंतर बघायच्या त्या पोथ्या (पहिल्या नि शेवटच्या कोऱ्या पानावर जन्मवेळा टिपलेल्या असतात), पत्रिका, फोटोंची पाठ आणि ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेले स्टँपपेपर. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून कुणी बंबात घालायच्या आत तो ताब्यात घ्या. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. फोटो काढा आणि कागद सुती कापडात ठेवा.

मग माणसं. आत्या, चुलत आजी, माहेरवाशिणी. घरातल्या पुरुषांपेक्षा आत्याला जास्त माहीत असतं, हा माझा अनुभव. "पणजी कोणत्या साली गेली?" असं विचारलंत तर "काय ठाऊक बाई" म्हणतील. असं विचारा: "तुमचं लग्न झालं तेव्हा ती होती का? पानशेत फुटलं तेव्हा? कोयनेच्या भूकंपात?" जुन्या माणसांच्या आठवणीला साल नसतं, संकट असतं. त्या खुणा जवळ ठेवा. मोठा दुष्काळ १८७६ ते ७८. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात निघाला आणि पुढं वर्षानुवर्षं गावोगाव फिरला. मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, १९१८. मुंबईतलं रेशनिंग १९४३. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. "मानमोडीत पणजोबा गेले, तेव्हा आजोबा रांगत होते" हे एक वाक्य मिळालं की दोन सालं हाती लागतात, एका मृत्यूचं आणि एका जन्माचं.

आणखी एक विचारायला विसरू नका: जात्यावर ती काय म्हणायची? ओवीत बाया माहेरच्या गावाचं, नदीचं, भावाचं नाव गुंफत. आमच्या आत्याच्या ओठांवर एक गाव होतं, घंगाळावरच्या गावापासून दोन कोसांवरचं. तेच माहेर निघालं.

दुसरी पायरी: गाव पक्कं करा, मग जमिनीचा नंबर

गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही हवेत. तालुके फुटलेले असतात, जुना तालुका कोणता ते बघा, कारण जुनी दप्तरं कधी कधी तिथंच राहिलेली असतात.

गावच्या जमिनीचा चालू सातबारा महाभूलेखावर दिसतो. त्यावर खातेदाराच्या नावाजवळ (जुन्या उताऱ्यावर वर्तुळात) जो आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. शोधाची किल्ली ती. हे नाव उताऱ्यावर का आलं याची हकीकत त्या नंबरच्या फेरफारात असते. त्या फेरफारावरून आधीच्या माणसाचं नाव, त्याच्या जुन्या सातबाऱ्यावरून आधीचा फेरफार, असं एकेक पायरी मागं उतरायचं. जुन्या उताऱ्यावर कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. तिथं थांबून तो कधी नि कशानं कमी झाला ते बघायचं.

वाटेत एक खळगा हमखास लागतो. जमिनीचे तुकडे जोडले गेले त्या एकत्रीकरणानंतर देशावरच्या बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर माहीत नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा. लोक त्याला 'नऊ-तीन, नऊ-चार' म्हणतात. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते त्यात कळतं. मराठवाड्यातल्या मंडळींनी १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापासून सुरुवात करावी. त्याआधीचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात.

कितीतरी जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. घरबसल्या मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टँप लावायचा आणि नक्कल मागायची. अर्जात "आमच्या पणजोबांची कागदपत्रं" असं लिहू नका. गाव, सर्व्हे नंबर, नमुन्याचं नाव आणि साल लिहा. मला एका कचेरीतून "जीर्ण, उपलब्ध नाही" असं दोनदा उत्तर आलं. तिसऱ्यांदा मी नेमका फेरफार क्रमांक घेऊन गेले, तर ते रजिस्टर अर्ध्या तासात निघालं. शिपायाशी नि कारकुनाशी नीट बोला, गठ्ठे कुठं आहेत हे त्यांनाच माहीत असतं.

तिसरी पायरी: फेरफार वाचणं

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथं वेळ द्या.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, सुरू झाली. त्याआधी सरकारला सारा कुणाकडून घ्यायचा एवढंच हवं होतं. जमिनीवर हक्क कुणाचा आणि तो कसा आला, हे या वहीत येऊ लागलं. म्हणून माणूस मेला, की वारसाची नोंद.

आणि बाई कागदावर येते ती इथं. नवरा असेतो तिचं नाव कुठं नसतं. तो गेला आणि मुलं लहान असली, की ती एकदम दिसू लागते. आमच्या फेरफाराचा मजकूर साधारण असा आहे: अमुक बिन तमुक हा अमक्या तारखेस मयत, वारस मुलगे दोन अज्ञान, सबब अ. पा. क. आई अमुकबाई कोम अमुक हिचे नाव दाखल करावे. साल १९१९. मानमोडी १९१८ च्या पावसाळ्यानंतर झपाट्यानं पसरली, नोंद पुढच्या उन्हाळ्यात झाली. तीन ओळींत एक बाई विधवा झाली, दोन पोरांची पालक झाली आणि पहिल्यांदाच सरकारदरबारी लिहिली गेली.

यातले शब्द कळले पाहिजेत. 'बिन' किंवा 'वल्लद' म्हणजे चा मुलगा. 'कोम', 'भ्रतार' हे शब्द बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव सांगतात. 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेला, 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञानाचं पालन करणारा किंवा करणारी. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे दिसलं तर थोरल्याच्या एकट्याच्या नावावर सगळ्या भावांची जमीन आहे, आपला पणजोबा धाकटा असेल तर तो उताऱ्यावर दिसणारच नाही. आडनावावर भरवसा ठेवू नका. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, किंवा एकाच घराला एकदा पाटील, एकदा मूळ आडनाव, एकदा गावाचं नाव लावलेलं असतं. बापाचं नाव आणि जमिनीचा नंबर जुळला की माणूस तोच.

आता माहेर. पणजीच्या वडिलांच्या गावाला हेच सगळं पुन्हा करायचं. वडील १९५६ च्या आधी वारले असतील तर वारसनोंदीत बहुधा फक्त मुलगे सापडतात. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि मुली वारस म्हणून येऊ लागल्या, सासरच्या आडनावानिशी. कितीदा त्यांची नावं मुख्य रकान्यात न घालता 'इतर हक्क' या रकान्यात घातलेली असतात, आणि शोधणारे तो रकाना वाचतच नाहीत. तो आधी वाचा. पणजीचे वडील लवकर गेले असले तरी तिच्या भावाच्या पिढीतल्या, भाचरांच्या पिढीतल्या बायका तिथं भेटतात, आणि त्यांच्या घरी जुनं माहीत असलेलं कुणीतरी असतं. बहिणींनी भावांना दिलेली हक्कसोडपत्रं दुय्यम निबंधकाकडे नोंदलेली असतात, त्यातही नाव, वय, गाव मिळतं.

कूळकायद्याच्या नोंदीही सोडू नका. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली, पण जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर ती तारीख पुढं ढकलली होती. त्यामुळं मालकीण विधवा असल्याचा स्पष्ट उल्लेख अशा कागदांत सापडतो, आणि ती १९५७ साली हयात होती हेही कळतं.

घरात एखादं गहाणखत सापडलं तर त्याच्या तळाशी बघा. लिहिता न येणाऱ्यांची निशाणी असे, कुणब्याची नांगर, बाईची बांगडी. आमच्याकडच्या एका गहाणखतावर अंगठ्याशेजारी लेखनिकानं एक लहानसं वर्तुळ काढलंय आणि लिहिलंय, 'निशाणी बांगडी'. पणजी विधवा होती, तिच्या हातात त्या वेळी बांगड्या नसणार. मी त्या वर्तुळाकडे किती वेळ बघत बसले ते सांगता येत नाही.

चौथी पायरी: कोतवाल बुक आणि शाळा

गावातले जन्म-मृत्यू गाव नमुना १४ मध्ये लिहीत. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, कारण खबर कोतवाल आणत असे. जुनी बुकं सहसा तहसीलमध्ये असतात. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात जुनी दप्तरं तपासली गेली, आणि त्यातले सापडलेले कागद कित्येक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका-गाववार टाकलेले आहेत. तुमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नसला तरी ती पानं उघडून बघा, मोफत आहेत.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. 'अमक्यास मुलगी झाली' एवढंच, आईचा उल्लेख नाही. मृत्यूच्या नोंदीत नाव, वय, कारण असतं: ताप, पटकी (कॉलरा), देवी, म्हातारपण. वय अंदाजे धरा, साठ आणि सत्तर हे आकडे फार वेळा दिसतात. पणजीचा मृत्यू शोधताना तिच्या मुलांचे मृत्यूही त्याच वहीत शोधा. जगलेल्या दोघांच्या आगेमागे किती गेली ते कळतं. हे वाचायला जड जातं, मनाची तयारी ठेवून बसा.

शाळेचं जनरल रजिस्टर हा मुलांचा कागद. दाखल झाल्याची तारीख, जात, आधीची शाळा आणि पालकाचं नाव. बाप नसेल तर पालक म्हणून आजा, चुलता, मामा लिहिलेला सापडतो, आणि मामा सापडला तर तो पणजीचा भाऊ. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. नेमकी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून घालत.

पाचवी पायरी: तीर्थोपाध्ये

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया. यात्रेकरूंची नावं उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात, आणि गावं, जाती, आडनावं उपाध्यांत वाटलेली असतात. नाशकात रामकुंडावर गेलं की "अमुक तालुका, अमुक गाव, अमुक आडनाव, आमचे उपाध्ये कोण?" एवढंच विचारायचं. माणूस मिळतो. अस्थी घेऊन कोण आलं, बरोबर कोण होतं, घरात त्या वेळी कोण कोण हयात, हे आलेल्याच्या सहीनिशी लिहिलेलं असतं. सरकारी वहीत न येणारी नावं इथं येतात, बायको, सून, कधी आईचंही. घाई करू नका, सकाळची गर्दी ओसरल्यावर जा, दक्षिणा द्या, आणि आपल्या हयात माणसांची नावं लिहून या. लेकी-सुनांसकट लिहा.

कोल्हापूर, सांगली, सीमाभागात हेळवी येतात. बैल घेऊन दारात आले की कुळाची वंशावळ म्हणतात, वहीतून वाचतात. वर्षा-दोन वर्षांनी येत असतील तर कधी येतात ते गावातल्या वयस्कांना विचारून ठेवा. वंशावळ मुख्यतः पुरुषांची असते, पण मूळ गाव कुठलं हे तिच्यातून कळतं.

जमीनच नसेल तर

बऱ्याच घरांना जमीन नव्हती, किंवा होती ती वतनाची, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेली. महार वतनासारखी कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. त्या वेळचे वतनाचे कागद, हिस्सेदारांच्या याद्या जरूर मागाव्यात. घरात कुणी फौजेत असेल तर पेन्शनचं पुस्तक शोधा, मागं राहिलेल्या बाईचं नाव त्यात असायलाच हवं, कारण पैसे तिला मिळत. पहिल्या नि दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) यादीत मिळतात, पुष्कळांच्या पुढं बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो.

मुंबईला गिरणीत गेलेल्यांसाठी महापालिकेची मृत्यूनोंद, फंडाचा कागद, जुनं रेशनकार्ड. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना हे काम सोपं, कारण चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आई-बाप दोघांची नावं असतात. मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या माणसांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत बायकाही स्वतःच्या नावानं नोंदलेल्या आहेत.

मोडी आणि सालाचा हिशेब

१९५० च्या आधीचं बरंच काही मोडीत निघेल. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. तेवढा वेळ नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण मोडीतले आकडे आणि आपलं आडनाव, गाव तेवढं ओळखायला शिकाच. गठ्ठ्यातून पान निवडायला तेवढं पुरतं. पेशवाईच्या आणि इनामाच्या कागदांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर. कोल्हापूर संस्थानासाठी कोल्हापूरचं. पण तिथं सुरुवातीला जाऊ नका. नाव, गाव आणि साल हाती नसताना लाखो कागदांपुढं बसून निराशाच पदरी येते.

शकात ७८ मिळवा, की इसवी सन, पौषाच्या सुमारापासून फाल्गुनाअखेर ७९. फसलीत, म्हणजे सारावसुलीच्या सालात, ५९० मिळवा: फसली १३२८ म्हणजे १९१८-१९. शेजारी महिना-तिथी असेल तर तीही उतरून घ्या, नंतर पडताळता येतं.

शेवटची पायरी: टिपणवही

एक वही फक्त तिच्यासाठी ठेवा. डाव्या पानावर कागदात जसं लिहिलंय तसं, चुकीसकट, आणि खाली कुठल्या कचेरीतलं, कुठलं रजिस्टर, कुठलं पान. उजव्या पानावर आपला अंदाज, पेन्सिलनं. दोन्ही एकत्र केलंत तर वर्षभरानं आपलाच अंदाज आपल्याला पुरावा वाटू लागतो. पहिल्या पानावर तिची दोन्ही नावं लिहा, माहेरचं आधी. आमच्या वहीत अजून तिची जन्मतारीख नाही. तिच्या माहेरच्या तालुक्याचं १८९० च्या आसपासचं कोतवाल बुक मी येत्या मे महिन्यात बघायला जाणार आहे. 'अमक्यास मुलगी झाली' एवढीच ओळ तिथं असेल, पण आता तो अमका कोण ते मला माहीत आहे.